व्यसनमुक्तीतल्या फसवणुकीवर डॉक्युमेंटरी करायची असेल तर आधी बिलं गोळा करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की मावसभाऊ अमेरिकेत वाढलेला, वय चोवीस, फ्लोरिडात दीड वर्षात सात रिहॅब फिरून आला, दर वेळी कुणीतरी "ओळखीचा माणूस" विमानाचं तिकीट काढून द्यायचा, आता तो जरा सावरलाय आणि तुम्हाला यावर डॉक्युमेंटरी करायचीये. कॅमेरा आहे, थोडे पैसे आहेत. सुरुवात कुठून करू आणि सेंटरमध्ये छुपा कॅमेरा घेऊन जाऊ का, असं तुम्ही विचारलंय.

मी या विषयावरच्या दोन फिल्म्सवर काम केलंय, पहिलीवर रिसर्चर म्हणून आणि दुसरीवर एडिटर म्हणून, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय, वेळ काढून वाचा.

छुपा कॅमेरा सध्या विसरा. फ्लोरिडात समोरच्याला न सांगता खासगी बोलणं रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे, तिथे बोलणाऱ्या प्रत्येकाची परवानगी लागते, कॅलिफोर्नियातही तसंच. ॲरिझोनात आणि न्यूयॉर्कमध्ये एकाची परवानगी पुरते, म्हणजे तुमची स्वतःची. पण कायदा बाजूला ठेवला तरी मुख्य अडचण वेगळीच आहे. आत जाऊन तुम्हाला दिसणार काय तर सोफा, टीव्ही, सिगरेट ओढत बसलेली पोरं आणि एक कंटाळलेला टेक, म्हणजे पेशंटवर लक्ष ठेवणारा कर्मचारी. आणि त्याच खोलीत चार अशी माणसं असणार ज्यांच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट वेळ तुम्ही त्यांना न विचारता टिपताय. चोरी त्या खोलीत दिसतच नाही हो, ती बिलात दिसते.

म्हणून आधी हा धंदा चालतो कसा ते नीट डोक्यात बसवून घ्या, कारण हे न समजता शूटिंगला गेलेल्या फिल्म्स शेवटी "वाईट माणसं आणि बिचारी पोरं" एवढ्यावरच थांबतात. अमेरिकेत 2008 मध्ये कायदा झाला की इन्शुरन्स कंपनीने मानसिक आजार आणि व्यसनाच्या उपचारांना शारीरिक आजारापेक्षा कमी लेखायचं नाही. 2010 च्या ॲफोर्डेबल केअर ॲक्टने मुलांना 26 वर्षांपर्यंत आईवडिलांच्या पॉलिसीवर राहता येऊ लागलं आणि जुना आजार आहे म्हणून पॉलिसी नाकारणं बंद झालं. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत, यामुळे कितीतरी माणसं वाचली, हे फिल्ममध्ये ठणकावून सांगा. पण याच वेळी हेरॉइन आणि मग फेंटॅनिल या नशेच्या द्रव्यांची लाट आली आणि विशीतली, चांगली पॉलिसी असलेली, घरापासून हजार मैल लांब असलेली पोरं हा काहींसाठी मालच झाला.

आता हिशोब बघा. पेशंट आधी डिटॉक्सला जातो, मग निवासी उपचार, मग दिवसभराचा प्रोग्रॅम, मग आठवड्यातले थोडे तास. प्रत्येक पायरी उतरली की सेंटरला मिळणारे पैसे कमी होतात, आणि माणूस बरा झाला की थांबतात. पण तोच माणूस पुन्हा प्यायला किंवा त्याने पुन्हा सुई घेतली की गाडी परत वरच्या पायरीवरून सुरू होते. म्हणजे चोराच्या वहीत बरा झालेला माणूस शून्य आणि घसरलेला माणूस नवा ॲडमिशन. त्यात लघवीच्या तपासण्या. कपातली साधी स्ट्रिप काही डॉलरची असते, पण तोच नमुना लॅबला पाठवून प्रत्येक द्रव्याची वेगळी तपासणी दाखवली की बिल हजारोंत जातं, आणि हे आठवड्यातून तीन तीन वेळा. सोबर होम म्हणजे नशा सोडलेल्यांनी एकत्र राहायचं घर, तिथे भाडं माफ, सिगरेटी फुकट, जिमचं कार्ड फुकट, कारण त्या घराच्या मालकाला सेंटरकडून दर डोक्यामागे पैसे येतात. पोरं पुरवणाऱ्या माणसाला ब्रोकर म्हणतात आणि या गोल गोल फिरण्याला तिथे फ्लोरिडा शफल असं नाव पडलंय. तुमचा भाऊ याच चक्रात होता असं तुमच्या वर्णनावरून वाटतं, पण वाटणं आणि दाखवता येणं यात फार अंतर आहे, आणि ते अंतर कागदाने भरतं.

पहिल्या फिल्मच्या वेळी एका आईने आम्हाला बुटांचा खोका दिला होता. त्यात इन्शुरन्स कंपनीकडून येणारी पत्रं होती, सेंटरने काय बिल लावलं आणि कंपनीने किती दिलं ते सांगणारी, तिकडे सगळे ईओबी म्हणतात. बरीच पाकिटं फोडलेलीच नव्हती, कारण त्यांना वाटायचं की हे बिल नाहीये, पैसे मागत नाहीयेत, मग कशाला बघा. आम्ही दोन दिवस बसून ती सगळी पत्रं त्यांच्या जेवणाच्या टेबलावर तारखेनुसार लावली, बिल केलेल्या तारखांची एक रांग, आणि खाली त्यांचा मुलगा खरंच त्या दिवशी कुठे होता त्याची दुसरी रांग, फोनमधले मेसेज, बसची तिकिटं, हॉस्पिटलचे कागद जे मिळेल ते. दुसऱ्या दिवशी दुपारी एक जागा सापडली जिथे मुलगा ओव्हरडोस होऊन इमर्जन्सीत होता, हॉस्पिटलचा प्रवेशाचा कागद होता हातात, आणि त्याच दिवशी सेंटरने त्याच्या नावावर तीन तासांची ग्रुप थेरपी लावली होती. आईने तो कागद हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला आणि कडा टेबलाच्या कडेला जुळवून सरळ केला. काही बोलल्या नाहीत. पूर्ण फिल्ममध्ये लोकांना आठवतो तो सीन हा आहे, त्यात एकही सुई नाही की रडणारा चेहरा नाही.

असंच तुम्हाला करायचंय. तारखांच्या दोन रांगा. जिथे त्या एकमेकींशी भांडतात तिथे तुमची फिल्म आहे.

आता बाकी कागद कुठून आणायचे. फेडरल कोर्टाची कागदपत्रं पेसर नावाच्या सिस्टिमवर मिळतात, पानाला 10 सेंट, एका डॉक्युमेंटला जास्तीत जास्त 3 डॉलर, त्यामुळे परवडतं. आरोपपत्र, गुन्ह्याची कबुली, शिक्षेच्या सुनावणीचे अर्ज हे वाचा, कारण धंद्याचा पूर्ण आराखडा सरकारी वकिलांनी तुमच्यासाठी आधीच लिहून ठेवलेला असतो. सुरुवातीला केनेथ चॅटमनची केस वाचा, दक्षिण फ्लोरिडात सोबर होम आणि उपचार केंद्रं चालवणारा माणूस, गुन्हा कबूल केला, मे 2017 मध्ये साडेसत्तावीस वर्षांची शिक्षा झाली, आणि आरोपांमध्ये नुसता इन्शुरन्स फ्रॉड नव्हता तर मुलींना देहविक्रीला लावणंही होतं. ही केस वाचली की "पैशांचाच तर घोळ आहे" हे वाक्य पुन्हा तोंडातून निघत नाही. फ्लोरिडातल्या कंपन्यांची नोंद सनबिझ या सरकारी साइटवर फुकट बघता येते, मालक कोण, पत्ता काय, कधी बंद केली, आणि बऱ्याचदा दिसतं की लॅब, सोबर होम आणि सेंटर तिन्हींच्या मागे एकच पत्ता आहे किंवा एकीकडे नवरा आणि दुसरीकडे बायको. डॉक्टर किंवा सेंटरचा एनपीआय, म्हणजे उपचार देणाऱ्याचा ओळख क्रमांक, ईओबीवर असला तर तोही सार्वजनिक यादीत शोधता येतो. हे काम कंटाळवाणं आहे, तीन चार महिने जातात, आणि याला पर्याय नाही.

कायद्याचं एक समजून घ्या नाहीतर मुलाखतीत चुकीचे प्रश्न विचाराल. पेशंट आणण्याबद्दल कमिशन देण्याविरुद्धचा जुना फेडरल कायदा मेडिकेअर, मेडिकेड अशा सरकारी आरोग्य विम्याच्या पैशांपुरता होता. खासगी इन्शुरन्सवर चाललेलं हे सगळं फेडरल पातळीवर त्यातून निसटत होतं. ऑक्टोबर 2018 मध्ये एक्रा नावाचा कायदा आला, त्याने कमिशनबंदी खासगी इन्शुरन्सच्या पैशांनाही लागू केली, सोबर होम, उपचार केंद्र आणि लॅब तिन्ही आत, दर गुन्ह्याला 10 वर्षांपर्यंत कैद आणि 2 लाख डॉलरपर्यंत दंड. फ्लोरिडाचा स्वतःचा ब्रोकरिंगविरोधी कायदा आधीपासून होता, पाम बीच काउंटीच्या सरकारी वकिलांनी 2016 मध्ये सोबर होम टास्क फोर्स बसवल्यावर तो खरा वापरात आला आणि 2017 मध्ये आणखी कडक झाला. म्हणजे तुमच्या भावाच्या बाबतीत काय कधी घडलं त्या तारखेवर ठरणार की ते तेव्हा कोणत्या कायद्याने गुन्हा होतं. तारखा, परत तारखा.

आणि हे फ्लोरिडापुरतं ठेवू नका, निदान रिसर्चमध्ये तरी. ॲरिझोनात जे झालं ते माझ्या मते याहून भयानक आहे. तिथे मूळ अमेरिकन लोकांसाठी राज्याच्या मेडिकेडमध्ये एक वेगळी योजना आहे, आणि बिल लावेल तसे पैसे सुटत होते. मग गाड्या थेट रिझर्व्हेशनवर, म्हणजे मूळ अमेरिकन लोकांच्या राखीव प्रदेशात, जायला लागल्या, रस्त्यावरून, दुकानाबाहेरून माणसं उचलून फिनिक्समधल्या घरांत आणून ठेवायची, काही ठिकाणी उपचार सोडाच, दारू आणून द्यायची. मे 2023 मध्ये राज्याने ही फसवणूक जाहीर केली आणि शंभरहून जास्त सेंटरांचे पैसे एकदम थांबवले. ते थांबवणं गरजेचंच होतं, पण रातोरात घरं बंद झाली आणि हजारो लोक फिनिक्सच्या रस्त्यावर आले, फोन नाही, ओळखपत्र नाही, गाव शेकडो मैल लांब. नवाहो या मूळ अमेरिकन जमातीच्या सरकारने, नवाहो नेशनने, त्यांना शोधून घरी आणायला ऑपरेशन रेनबो ब्रिज सुरू केलं. हे मी मुद्दाम सांगतोय कारण फिल्म करणाऱ्याला वाटतं की धाड पडली, शटर खाली आलं, इथे शेवट करू. धाड पडते त्या रात्री आतली माणसं झोपतात कुठे हे दाखवलं नाहीत तर अर्धी गोष्टच सांगितली असं होईल.

आता माझी चूक सांगतो, कारण प्रश्नात तुम्ही भावाची मुलाखत "लगेच घेऊन टाकतो" असं लिहिलंय.

पहिल्या फिल्मच्या वेळी आम्हाला एक मुलगी भेटली, सोबर होऊन एकोणीस दिवस झालेले, बोलायला एकदम मोकळी, सगळं आठवत होतं, कोणत्या ब्रोकरने किती दिले, कोणत्या घरात दाराला आतून कडी नव्हती. आम्ही तिला गाडीतून आणलं, कॉफी घेऊन दिली, दोन तास मन लावून ऐकलं आणि शेवटी फॉर्मवर सही घेतली. अडीच आठवड्यांनी तिचा फोन आला, पुन्हा वापरायला लागली होती, आणि तिने विचारलं की आता मला कुठे पाठवताय. मला आधी कळेचना. मग लक्षात आलं की तिच्या आयुष्यात गेली तीन वर्षं जो कुणी गाडीतून नेऊन, कॉफी पाजून, तिची कहाणी ऐकून फॉर्मवर सही घ्यायचा तो ब्रोकरच असायचा. आम्ही एकूण एक तेच केलं होतं, त्याच क्रमाने. तिने आम्हाला ब्रोकरच समजून मुलाखत दिली होती, आणि तिची ती "संमती" म्हणजे काय होतं ते तुम्हीच ठरवा. आम्ही ती मुलाखत वापरली नाही. तिला एका काउन्सेलरपर्यंत पोचवलं, जिचा त्या धंद्याशी काही संबंध नव्हता, त्यापुढे तिचं काय झालं ते इथे लिहिणं योग्य नाही.

त्यानंतर आम्ही स्वतःसाठी काही गोष्टी ठरवल्या आणि मी त्या आजही पाळतो. पहिल्या दोन भेटींत कॅमेरा नाही आणि फॉर्मही नाही. माणूस निदान तीन महिने स्थिर असल्याशिवाय मुलाखत नाही, आणि त्याच्या बाजूने कुणीतरी एक माणूस हवा, स्पॉन्सर (नशा सोडताना आधार देणारा अनुभवी सोबती), बहीण, कुणीही, जो आम्हाला "आज नको" म्हणू शकेल. मुलाखतीचे पैसे द्यायचे नाहीत, येण्याजाण्याचा खर्च आणि जेवण ठीक. एडिट पक्कं होण्याआधी त्याला त्याचा भाग दाखवायचा आणि तोपर्यंत तो कधीही नाही म्हणू शकतो, कारण विचारायचं नाही. प्रोड्यूसर यावर कटकट करतात, करू द्या. ज्याने ओळख लपवायला सांगितलीये त्याचा चेहरा धूसर करून भागत नाही, टॅटू, हातवारे, आवाज, मागच्या भिंतीवरचा फोटो यावरून त्या छोट्या जगात पाच मिनिटांत ओळखतात. शक्य असेल तर त्याचे शब्द दुसऱ्याकडून वाचून घ्या आणि पडद्यावर तसं लिहा.

अजून एक, हे अगदी जीवावरचं आहे. काही दिवस बंद ठेवून पुन्हा वापरणाऱ्याचं शरीर जुना डोस सोसू शकत नाही, म्हणून रिहॅबमधून बाहेर पडल्यानंतरचे आठवडे सगळ्यात धोक्याचे. तुम्ही नेमके त्याच काळात त्यांच्याबरोबर असणार. टीममधल्या प्रत्येकाच्या बॅगेत नॅलॉक्सोनचा, म्हणजे ओव्हरडोस उतरवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा स्प्रे हवा आणि तो वापरता यायला हवा, साउंडवाल्यालासुद्धा. समोर कुणी निळं पडत असेल तर कॅमेरा खाली, याबद्दल सेटवर चर्चा नको, आधीच ठरलेलं पाहिजे.

ब्रोकरांशी बोला, नक्की बोला, पण तयारीने. बरेचसे ब्रोकर स्वतः आधी पेशंट होते, एकविसाव्या वर्षी कुणीतरी सांगितलं की तुझ्या मित्राला आण, पाचशे देतो, आणि तिथून सुरुवात. त्यामुळे गुन्हेगार आणि बळी अशी सरळ रेघ मारता येत नाही, आणि मारलीत तर खोटी पडेल. मात्र तो कॅमेऱ्यावर गुन्हा कबूल करत असतो हे त्याला स्पष्ट सांगा आणि आधी वकिलाशी बोल म्हणा. तुमचं कच्चं फुटेज कोर्ट मागवू शकतं. पत्रकाराला सोर्स लपवायचं संरक्षण राज्याराज्यांत वेगवेगळं आहे, फेडरल पातळीवर तसा कायदाच नाही. म्हणून "तुझं नाव कधीच बाहेर येणार नाही" असं वचन देऊ नका, जे तुमच्या हातात आहे तेवढंच सांगा.

ज्या सेंटरवर आरोप करताय त्यांना लेखी प्रश्न पाठवा, उत्तराला पुरेसा वेळ द्या, उत्तर आलं तर दाखवा. बहुतेक वेळा "पेशंटच्या गोपनीयतेमुळे बोलता येत नाही" असं येतं, आणि व्यसनाच्या उपचारांची कागदपत्रं जपणारा फेडरल नियम खरंच कडक आहे, पेशंटच्या लेखी परवानगीशिवाय सेंटरला तोंड उघडता येत नाही. त्यावर उपाय सोपा आहे, तुमच्या भावानेच सही करून परवानगी द्यायची, मग ती पळवाट बंद. रफ कट झाला की मीडियाच्या वकिलाकडून ओळ न् ओळ तपासून घ्या, फिल्ममधल्या चुकांवरून होणाऱ्या दाव्यांसाठीचा विमा त्याशिवाय मिळत नाही आणि विम्याशिवाय कुठलाही मोठा प्लॅटफॉर्म फिल्म घेत नाही. बजेटमध्ये हे पैसे पहिल्या दिवसापासून धरा.

एडिटमध्ये तुमच्यावर दबाव येईल सुईच्या शॉटसाठी. आमच्यावर आला, एका चॅनलच्या माणसाने सरळ सांगितलं की पहिल्या मिनिटात कुणीतरी सुई घेताना दिसायला हवं. मी नाही म्हटलं आणि आजही म्हणेन, कारण नुकतं सुटलेल्या माणसाला तो शॉट थेट तलफ आणतो, आणि हीच माणसं तुमची फिल्म सगळ्यात आधी बघणार आहेत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे बघणाऱ्याने "सगळे रिहॅब चोर" असं ठरवून उठायला नको. अमेरिकेत 2021 या एका वर्षात ओव्हरडोसने एक लाखाहून जास्त माणसं गेली, तिथे उपचारावरचा विश्वास उडवणारी फिल्म करणं म्हणजे अजून माणसं घालवणं. ओपिऑइडच्या, म्हणजे हेरॉइन, फेंटॅनिलसारख्या द्रव्यांच्या, व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही औषधं मृत्यू खूप कमी करतात हे कितीतरी वर्षांपासून माहीत आहे, आणि गंमत नाही, खरंच सांगतो, शफलमध्ये अडकलेल्या घरांमध्ये ही औषधं घेणाऱ्यालाच "तू अजून सोबर नाहीस" म्हणून बाहेर काढल्याचं मी ऐकलंय, एकदा नाही अनेकदा. एक चांगला डॉक्टर, एक नीट चालणारं क्लिनिक फिल्ममध्ये असू द्या, पाहुण्यासारखं पाच मिनिटं नको, गोष्टीचा भाग म्हणून. तिथे युरिन टेस्ट किती वेळा होते आणि का, हे त्या डॉक्टरलाच विचारा, म्हणजे चोराचा आकडा बघणाऱ्याला आपोआप कळेल.

सध्या एवढंच करा. पॉलिसी मावशीच्या किंवा काकांच्या नावावर असेल तर ईओबी त्यांच्याकडे आलेले असणार, जुने इन्शुरन्सच्या साइटवरही मिळतील. पण ते त्यांच्याकडून परस्पर घेऊ नका. भाऊ सज्ञान आहे, त्या कागदांवर त्याचे सगळ्यात वाईट दिवस तारखेसकट लिहिलेत. आधी त्याला भेटा, कॅमेरा घरी ठेवून, आणि विचारा की हे मी बघू का. तो नाही म्हणाला तर महिन्याभराने पुन्हा एकदा विचारा, तेव्हाही नाही म्हणाला तर दुसरं कुटुंब शोधा, कोर्टाच्या कागदांत ती ढिगाने आहेत. हो म्हणाला तर त्याच्याच शेजारी बसून पहिलं पाकीट त्यालाच फोडू द्या.